प्लेटा गेल्या, नंबर कुठाय?

या वेळी संत्र्याची गळ, हरभऱ्याची मर, पीक विमा हे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतोय, कारण टपालाचा गठ्ठा उघडला तर एकामागून एक तेच, सोलरच्या प्लेटा नेल्या, केबल कापली, डुकरं अडवायच्या तारेचं झटका मशीन गेलं. मी स्वतः बरीच वर्षं यवतमाळ-अमरावतीकडे पंप फिट करत फिरलोय त्यामुळे नवल नाही वाटलं, वाईट मात्र वाटलं. एक गोष्ट आधीच बोलून टाकतो. थ्री फेजची लाइन आळीपाळीनं रात्रीची यायची तेव्हा आपण शिव्या देत का होईना वावरात असायचो, हातात बॅटरी, पायाखाली साप-विंचवाची धास्ती, थंडीनं दात वाजताहेत, पण असायचो. सोलरनं ती रात्र वाचवली, ओलीत दिवसा झालं, माणूस सांजच्याला घरी येऊन जेवून झोपायला लागला अन् वावर पहिल्यांदाच रात्रभर एकटं पडलं. चोराला हे आपल्याआधी समजलं. परत रात्रीच्या लाइनीवर जा म्हटलं तर मी हात जोडीन, पण जागल गेली तिच्या जागी आपण काय ठेवलं, एक नट-बोल्ट, तोही १३ नंबरच्या पान्यानं निघणारा.

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ) : भाऊ नमस्कार. सरकारी योजनेतला ५ एचपीचा सोलर पंप हाय माह्या वावरात, १५ प्लेटा. मंगळवारी गव्हाले पानी देऊन आलो, बुधवारी गावात लगन होतं म्हणून गेलो नाई, गुरुवारी सकाळी जाऊन पायतो तं ६ प्लेटा गायब. वायरा लोंबत होत्या, नट खाली पडले होते. ठाण्यात गेलो तं म्हनले बिल आना. बिल कुठून आनू, पैसे तं ऑनलाइन भरले अन् कंपनीवाले फिट करून गेले. त्यायचा फोन लागत नाई. एक जन म्हनते विमा हाय, दुसरा म्हनते काई नाई. गहू ओंबीवर हाय भाऊ, काय करू?

उत्तर : दादा, पहिले त्या लोंबणाऱ्या वायरीला कोणी हात लावू नका, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. कंट्रोलर बंद केला म्हणजे करंट गेला असं सोलरमधे नसतं, ऊन आहे तोवर प्लेट वीज बनवतच राहते, तिला बंद करायचं बटण सूर्याकडे आहे. तुमच्या १५ प्लेटा सिरीजमधे, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या असतील तर पूर्ण लाइनीत पाचशे व्होल्टच्या वर जातं, आता उरलेल्या ९ मधे पण तीनशेच्या वर असणारच. अन् हा डीसी करंट आहे, घरातला एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी लवकर विझते, डीसीची ठिणगी एकदा पेटली की धरून राहते. फोटो काढा, दुरून, सगळ्या बाजूंनी, खाली पडलेले नट, पायाचे ठसे, धुऱ्यावर गाडीच्या चाकाच्या खुणा असल्या तर त्या पण. पंचनामा होईस्तोवर एक नट पण उचलून खिशात टाकू नका, आपल्याकडे सगळे आधी आवराआवर करतात अन् मग जमादार विचारतो की चोरी झाली कशी समजायची.

आता बिलाचं. बिल मागणं चूक नाही, पण बिल नाही म्हणून फिर्याद घेत नाही हे चूक. फिर्यादीला बिल लागत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिचं कलम १७३ वाचून जा. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवायचीच असते, तोंडी सांगितली तर लिहून घेऊन वाचून दाखवायची असते अन् एफआयआरची प्रत फुकट द्यायची असते. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन पण खबर देता येते, फक्त ३ दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. तरीही घेतली नाही तर तीच हकीकत लिहून पोस्टानं जिल्ह्याच्या एसपींना पाठवा, तिथंही काही झालं नाही तर कोर्ट आहे. बहुतेक वेळा एसपींच्या नावाचा कागद तुमच्या हातात दिसला की ठाण्यातली खुर्ची आपोआप पुढे सरकते, हा माझा अनुभव.

फिर्यादीत एक चूक नव्वद टक्के लोक करतात असं मी म्हणेन (आकडा माझ्या मनातला, पण तुम्ही पण बघितलं असेल), ते किंमत लिहिताना आपण भरलेला हिस्सा लिहितात. योजनेत सर्वसाधारण शेतकरी १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के, बाकी अनुदान. म्हणून माणूस म्हणतो साहेब माझे एवढेच गेले. असं नका करू. चोरी प्लेटेची झाली, तुमच्या हिश्शाची नाही, ६ प्लेटांची जी पूर्ण किंमत असेल ती लिहा. यात कायद्याची पण गोम आहे. आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३, पण माल ५,००० रुपयांच्या खाली असला तर तो अदखलपात्र होतो, म्हणजे साधी एनसी, मग कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. शिवाय २००३ च्या वीज कायद्यात कलम १३६ आहे, विजेची तार, साहित्य, मीटर जागेवरून काढून नेलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, तेही कलम लावायची विनंती अर्जात लिहून द्या.

आता खरी अडचण. उद्या पुसद किंवा कारंज्याकडे एखाद्या पिकअपमधे ६ प्लेटा सापडल्या, तर त्या तुमच्याच कशावरून? सगळ्या प्लेटा निळ्या नाहीतर काळ्या, सगळ्यांची फ्रेम अॅल्युमिनियमची. प्रत्येक प्लेटेला स्वतःचा सिरियल नंबर असतो, मागच्या स्टिकरवर बारकोडसकट, बऱ्याच प्लेटांत काचेच्या आतून पण एक बारकोडची पट्टी दिसते, ती चोराला खरवडता येत नाही. सरकारी योजनेतल्या प्लेटांत आरएफआयडीची, म्हणजे मशीननं वाचता येणारी चिप पण असते, तिच्यात कंपनी, महिना-वर्ष, नंबर सगळं. आता तुम्ही म्हणाल प्लेटा तर गेल्या, नंबर कुठून आणू. पंप चालू करताना तुमची सही घेऊन जॉइंट इन्स्पेक्शनचा कागद करतात, त्याला बहुतेक वेळा सगळ्या प्लेटांच्या नंबरची यादी जोडलेली असते. तो कागद तुमच्याकडे नसला तर महावितरणच्या तालुक्याच्या ऑफिसात लेखी अर्ज टाकून प्रत मागा, कंपनीकडे वॉरंटीसाठी पण ती यादी असते. उरलेल्या ९ प्लेटांचे नंबर आजच उतरवून घ्या, कारण यादीतून हे ९ वजा केले की जे ६ उरतील ते चोरीचे. एवढं सोपं आहे, अन् हे न केल्यामुळे माल सापडून पण परत न मिळालेले शेतकरी मी पाहिलेत.

कंट्रोलरमधे सिमकार्डवाली रिमोट मॉनिटरिंगची डबी असते, योजनेतल्या पंपाला ती लावतातच. ती पंप कधी चालला, किती व्होल्टेज होतं हे वर पाठवत असते. मंगळवारी शेवटचं पाणी दिलं हे तुमचं तोंडी आहे, त्या डबीचं लेखी आहे. कंपनीकडून मंगळवार ते गुरुवारचा डेटा मागवून फिर्यादीला जोडा.

अन् हो, विमा आहे. योजनेत ५ वर्षांची दुरुस्तीची हमी विम्यासकट दिलेली आहे, तुमचा पंप किती वर्षांचा ते तुम्ही लिहिलं नाही, ५ च्या आत असेल तर हक्कानं मागा. फोन लागत नाही म्हणून बसून राहू नका, पॉलिसीत कळवायची मुदत असते अन् "फोन केला होता" याला पुरावा नसतो. ईमेल, रजिस्टर पोस्ट, महावितरणला प्रत, हे त्याच दिवशी. दाव्याला एफआयआर अन् पंचनामा लागतोच.

माल सापडला तर तो मालखान्यात पडून सडू देऊ नका. सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ खाली कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करीन असं लिहून देऊन, प्लेटा परत घेता येतात, केस चालत राहील, गहू तोवर थांबणार नाही. तिथं पण पहिला प्रश्न हाच, नंबर कुठाय.

प्रश्न (नेर) : आमच्या १५ मधल्या ४ गेल्या. जावई वायरिंगची कामं करते, तो म्हणते उरलेल्या ११ जोडून देतो, कमी पडलं तं माह्याकडची जुनी १०० वॅटची एक लावतो. चालते का?

उत्तर : ११ प्लेटांवर मोटर कदाचित उठेल, सकाळी उशिरा सुरू होईल, चारच्या आत मरेल, पाणी कमी येईल, ढग आला की झटके खाईल. कंट्रोलरला ठराविक व्होल्टेज लागतं, त्याखाली तो उठतच नाही. पण १०० वॅटची जुनी प्लेट सिरीजमधे घुसवू नका. सिरीजमधे सगळ्यात कमजोर प्लेट जेवढा करंट सोडेल तेवढाच बाकीच्यांचा जातो, बैलजोडीत एक बैल म्हातारा असला तर बंडी त्याच्याच चालीनं जाते तसं. त्याहून महत्त्वाचं, जावयानं कनेक्टर कापून जोड मारला की कंपनी म्हणणार आमच्या सिस्टिमला बाहेरच्यानं हात लावला, हमी गेली. जोडायचंच असेल तर पंचनामा झाल्यावर, कंपनीला लेखी कळवून, सांजच्याला सूर्य बुडाल्यावर, नाहीतर ताडपत्रीनं प्लेटा पूर्ण झाकून. जावयाला रागावू नका.

प्रश्न (आर्वी तालुका, वर्धा) : दोनदा केबल नेली, एकदा प्लेटा. आता डोकं फिरलं हाय. डुकरासाठी झटका मशीन हाय माह्याकडं, त्याची तार प्लेटांच्या सांगाड्याले जोडली तं कसं राहील? नाहीतर सरळ लाइनीचा करंट सोडतो, एकदा चिकटला की परत येनार नाई.

उत्तर : दुसरं वाक्य तुम्ही रागात लिहिलं असं धरतो, पण उत्तर देणं भाग आहे. लाइनीचा करंट तारेत सोडून आपल्या विदर्भात डुकरासाठी लावलेल्या तारांनी माणसं मेलीत, स्वतःच्याच घरची मेलीत, पहाटे अंधारात ओलीत करायला गेलेला भाऊ, गवत कापायला गेलेली बाई. वाघ पण मेलेत. चोर मेला तरी गुन्हा तुमच्यावर, सदोष मनुष्यवधाचा, अन् चोर मरेल याची काहीच खात्री नाही, सालदार मरायची जास्त आहे, कारण रोज तिथं तोच जातो.

झटक्याचं. झटका मशीन सेकंदाला साधारण एक ठोका सोडते, व्होल्टेज मोठं पण क्षणभराचं, म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. पण ती तार लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या इन्सुलेटरवर असते, जमिनीला न लागता. प्लेटांचा सांगाडा मुद्दाम जमिनीत अर्थिंग केलेला असतो, झटका दिला की सगळा ठोका सरळ मातीत जाणार, चोराला काही समजणार पण नाही. उलट कंट्रोलर उडायची भीती. झटक्याची तार लावायचीच तर सांगाड्यापासून दूर, चारी बाजूनं वेगळ्या खांबांवर, पिवळी पाटी लावून. अन् तुमची केबल दोनदा गेली म्हणता, तर अर्थिंगची पट्टी अन् वीज अटकावाचा दांडा जागेवर आहे का बघा, चोर तेही नेतो. मृगाच्या आत ते नीट झालं पाहिजे, विजा कडाडायला लागल्यावर आठवण येऊन उपयोग नाही.

प्रश्न (दर्यापूर तालुका) : माझ्या दिरांनी बाजारातून दोन सोलर प्लेटा आणल्यात, नव्यासारख्या आहेत, अर्ध्याहून कमी पैशात. बिल नाही. घरावर लावू म्हणतात. मला भीती वाटते पण घरात बोलले तर म्हणतात तुला काय कळतं. खरंच काही होतं का?

उत्तर : ताई, तुम्हाला बरोबर कळतंय. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा वाटायला कारण असून घेतला, तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "वाटायला कारण" हे शब्द महत्त्वाचे, अर्ध्याहून कमी किमतीत, बिलाशिवाय, बाजारातून, ही तिन्ही कारणंच आहेत. अन् हाच धंदा नेहमी करणाऱ्याला त्याच कलमात जन्मठेपेपर्यंत आहे, म्हणजे चोरीचा माल विकत घेणाऱ्याला कायदा चोराहून हलका मानत नाही.

दिरांशी भांडू नका, प्लेट उलटी करून दाखवा. मागचं स्टिकर खरवडलेलं आहे का. वायरीच्या टोकाला जो काळा कनेक्टर असतो तो शाबूत आहे की वायर मधेच पक्कडनं कापलीय, दुकानातल्या नव्या प्लेटेची वायर कोणी कापत नाही. फ्रेमच्या छिद्रांभोवती नट आवळल्याच्या गोल खुणा आहेत का, म्हणजे ती आधी कुठंतरी बसलेली होती. अन् घरावर लावायची म्हणत असाल तर मोठी प्लेट ५४० वॅटची असली तर तीस किलोच्या आसपास भरते, दोघांनी उचलायची वस्तू आहे, ती कोणी सहज बाजारात आणून विकत असेल तर गाडी अन् माणसं घेऊन आलेला आहे. पोलीस पाटलाला सांगून त्यांच्यामार्फत ठाण्यात जमा करा, स्वतःहून नेऊन दिलेली वस्तू अन् छाप्यात सापडलेली वस्तू यात खूप फरक पडतो. पैसे गेले ते गेले.

प्रश्न (मेहकर तालुका, बुलढाणा) : गायरानावर सौर कृषी वाहिनी योजनेच्या सोलर प्रकल्पाचं काम चालू आहे तिथं मी रात्रीचा वॉचमन आहे. १२ तास एकटा, एक बॅटरी अन् एक काठी. मागच्या महिन्यात केबलच्या ड्रमवरून केबल कापून नेली, मी दुसऱ्या टोकाला होतो. ठेकेदार म्हणतो तीन महिन्यांचा पगार कापीन. तोंडी कामावर आहे, कागद काहीच नाही.

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पगार असा मनानं कापता येत नाही. वस्तू तुमच्या ताब्यात स्पष्ट सोपवलेली पाहिजे, नुकसान तुमच्या हलगर्जीनंच झालं हे दिसलं पाहिजे, अन् कापायच्या आधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, पगाराच्या कायद्यात हे तिन्ही आहे. ड्रम सोपवल्याची तुमची सही कुठं आहे का? नसेल तर ठेकेदाराच्या हातात काही नाही. जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या. कागद नाही म्हणता, पण पगार खात्यावर आला असेल, व्हॉट्सअॅपवर ड्युटीचे मेसेज असतील, गावातले चार जण सांगतील, तेच कागद. तुम्ही एजन्सीकडून असाल तर तिला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली लायसन लागतं, ते आहे का हे अर्जात विचाराच, खूप जणांचं तिथंच फाटतं.

एवढी जमीन एका माणसानं काठीनं राखायची ही अपेक्षाच चुकीची आहे हे मी ठेकेदारांना उद्देशून लिहितो, ते वाचतात हे मला माहीत आहे. या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढ. एवढा हिशोब बसतो अन् दुसऱ्या वॉचमनचा नाही बसत?

तुम्हाला एक युक्ती सांगतो, ती साइटवर काम केलेल्यांना माहीत असते पण वॉचमनला कोणी सांगत नाही. केबलच्या अंगावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ड्युटीवर येताना ड्रमच्या मोकळ्या टोकावरचा आकडा बघा, फोटो काढा, सुपरवायझरला पाठवा. सुटताना परत. एक मीटर जरी गेली तरी कोणाच्या पाळीत गेली ते दिसतं, अन् दुसऱ्याच्या पाळीतलं तुमच्या अंगावर येत नाही. शिवाय कापलेला तुकडा कुठं सापडला तर त्यावरचे आकडे तुमच्या ड्रमच्या आकड्यांच्या पुढचेच निघतात, याहून पक्का पुरावा काय असतो. फक्त तो जळायच्या आधी सापडला पाहिजे. तांबं काढायला वरचं प्लास्टिक जाळतात, नाल्याकाठी, ओसाड विहिरीजवळ, रात्री जळक्या रबरासारखा उग्र वास येतो अन् सकाळी काळी राख दिसते. असा वास आला की तेव्हाच ११२ ला फोन करा.

प्रश्न (ग्रामपंचायत सदस्य, अकोला जिल्हा) : केबल गेली की ती जवळपासच्याच भंगारात जाते हे सगळ्या गावाला माहीत आहे. पोलीस चोर शोधतात, भंगारवाल्याला कोणी विचारत नाही. काय करावं?

उत्तर : साहेब, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. ४ स्क्वेअर एमएमच्या वायरीत मीटरमागे ३६ ग्रॅमच्या आसपास तांबं असतं, तीन कोरची शंभर मीटर केबल धरली तर साडेदहा किलोच्या वर. साडेदहा किलो तांबं कोणी घरात भांडी म्हणून ठेवत नाही, ते संध्याकाळच्या आत विकलं जातं. इंग्लंडमधे पण सोलरच्या शेतांवरून केबल चोरीला जाते, तिथं २०१३ च्या कायद्यानं भंगारवाल्याला रोख पैसे द्यायचीच बंदी आहे, लायसन लागतं अन् विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासून लिहून ठेवावं लागतं. चोरी थांबली नाही तिथंही, पण रात्री कापलं सकाळी नोटा मोजल्या हे अवघड झालं. आपल्याकडे गावापुरतं ग्रामसभेत ठराव घेऊन भंगारवाल्यांना बोलवा, जळकं तांबं घेणार नाही अन् विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स ठेवू असं लिहून घ्या. ठरावाला कायद्याचा दात नाही, पण तो ठाणेदाराला पाठवला की पुढच्या चोरीत पहिलं दार कोणतं ठोकायचं ते त्यांना सांगावं लागत नाही.

प्रश्न (कारंजा तालुका, वाशीम) : मी वावरात नव्हतो त्या दिवशी प्लेटा गेल्या, कनेक्टर न कापता सफाईनं उघडले अन् पान्यानं नट काढले. गावाबाहेर बेडा (भटक्या-विमुक्तांची वस्ती) हाय. सगळे म्हणतात तिथल्याच लोकांनी प्लेटा नेल्या. फिर्यादीत नावं टाकू का? सरपंच पण म्हनते टाक.

उत्तर : पाहिलंत का? नाही ना. मग टाकू नका. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्यानं काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा १९५२ मधे गेला, पण गावाच्या तोंडातून अजून गेला नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय की कनेक्टर न कापता सफाईनं उघडले अन् पान्यानं नट काढले. ज्यानं काढले त्याला प्लेटा काढायची सवय आहे, त्याच्याकडे चारचाकी आहे अन् तुम्ही त्या दिवशी वावरात नाही हे त्याला माहीत होतं. अशी माणसं मोजायला बेड्यावर जावं लागत नाही. गेल्या सहा महिन्यांत प्लेटा धुवायला, दुरुस्तीला, मोजणीला, "कंपनीतून आलो" म्हणून कोण कोण येऊन गेलं ती यादी द्या पोलिसांना. खोटी नावं दिली तर गुन्हा उलट तुमच्यावर दाखल होतो, अन् खरा चोर तेवढ्यात दुसरी खेप मारतो.

प्रश्न (काटोल) : झटका मशीनची बॅटरी तिसऱ्यांदा गेली. सोलरचा कॅमेरा घेऊ का?

उत्तर : घ्या, पण उंच लावा, माझ्या ओळखीत एकाचा कॅमेराच नेला. अन् हलचालीवर मोबाइल वाजणारा घेतला तर रोही (नीलगाय) अन् डुकरं रात्रभर तुम्हाला झोपू देणार नाहीत, चौथ्या दिवशी तुम्ही आवाज बंद कराल अन् पाचव्या दिवशी चोर येईल. स्वस्तातला उपाय, हंगाम नसेल तेव्हा मशीन अन् बॅटरी घरी. चोरीची फिर्याद देताना बॅटरी, मशीन, छोटी प्लेट सगळं एकत्र लिहा, एकटी बॅटरी लिहिली तर वर सांगितलं तसं ५,००० च्या खाली जाऊन एनसी होते.

प्रश्न (मोर्शी) : प्लेटा अजून गेल्या नाहीत पण शेजारच्याच्या गेल्या. आधीच काय करून ठेवू? वेल्डिंग मारू का नटांना? नाव कोरू का?

उत्तर : वेल्डिंग नको, ठिणग्या मागच्या शीटवर पडल्या की प्लेट आतून खराब होते अन् उद्या हमीत प्लेट बदलायची म्हटली तर ग्राइंडर आणावा लागतो. बाजारात तुटणारा नट मिळतो, आवळला की त्याचं षटकोनी डोकं मोडून पडतं अन् गुळगुळीत गोल उरतो, पाना बसत नाही. तो एका प्लेटेला निदान दोन लावा. नाहीच मिळाला तर बोल्टचं बाहेर आलेलं टोक छिन्नीनं ठेचून टाका म्हणजे नट परत फिरत नाही, एम-सील पण लोक भरतात, ते उन्हाळ्यात सुटतं. फ्रेमला नवीन छिद्र पाडू नका. काचेवर काही कोरू नका, काच फुटते. फ्रेमच्या आतल्या बाजूला गाव अन् गट नंबर कोरा किंवा पक्क्या रंगानं लिहा, दोन जागी, एक दिसेल अशी एक न दिसणारी.

अन् नंबरांचे फोटो, हे आजच. प्रत्येक प्लेटेचा वेगळा फोटो, मग सगळ्या सांगाड्याचा एक, मागं तुमची विहीर किंवा ओळखू येणारं झाड येईल असा. मुलाला, जावयाला, पोलीस पाटलाला पाठवून ठेवा, मोबाइल पाण्यात पडला तरी राहतात. सकाळी लवकर जा, स्टिकरवर ऊन पडलं की फोटोत चमक येते अन् आकडे दिसत नाहीत, सोबत ओलं फडकं ठेवा, धूळ बसलेली असते. खालच्या रांगेतल्या प्लेटांखाली उताणं पडून फोटो घ्यावे लागतात, त्यामुळे ओलीत केल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.